हापशाचं पाणी

भोर-वेल्ह्याकडं जाऊन आलेली माणसं मोबाईलमधले गडाचे, धुक्याचे, फार तर मिसळीचे फोटो दाखवतात. माझ्याकडं तीन हापशांचे फोटो आहेत. हापसा म्हणजे दांडा वरखाली करून पाणी काढायचा तो हातपंप. त्यातल्या एका फोटोत मी चिखलात बसलेलो आहे. तो फोटो अन्वरनं काढला. मला उठवायच्या आधी काढला, हे नोंदवून ठेवतो.

मी निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुकांना लाल पेनानं गोल करणारा माणूस. सगळी नोकरी लोकांच्या चुका काढण्यात गेली, त्यामुळं स्वतःच्या करायला सवड निवृत्तीनंतरच मिळाली आणि ती मी भरपूर वापरतो. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडायचो म्हणून छापखान्यात मला ‘शास्त्री’ म्हणत. अन्वर त्याच छापखान्यात मशिनवर होता. तो मुरूडकडचा शिद्दी. शिद्दी म्हणजे ज्यांचे पूर्वज कितीतरी पिढ्यांमागं आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आले, कुणी शिपाई म्हणून, कुणी गुलाम म्हणून, आणि इथलेच झाले. अन्वरच्या घरात आफ्रिकेतलं काय उरलंय म्हणाल तर चेहरा आणि केस. बाकी सगळं रायगड जिल्ह्यातलं.

पण चेहरा पुरतो. पुण्यात बसमध्ये त्याच्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरते. भाड्याचं घर फोनवर पक्कं व्हायचं आणि हा दारात उभा राहिला की “आत्ताच दिलं हो” व्हायचं. कुणी “मराठी छान बोलता तुम्ही” म्हटलं की तो म्हणतो, “तुम्हीपण.” आणि “कुठल्या देशाचे?” ह्या प्रश्नाला त्याचं ठरलेलं उत्तर आहे: “देशावरचा नाही हो, कोकणातला.” विनोद चांगला आहे. त्यावर कुणी हसलेलं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

तर त्याच्या आज्याची गोष्ट. आजा दिवाळीनंतर पडावानं खाडीतून महाडपर्यंत यायचा आणि तिथून तट्टावर मीठ आणि सुकट लादून घाट चढायचा. वरच्या गावांत मीठ-सुकट द्यायची, नाचणी-तांदूळ घ्यायचा, उतरायचं. वर एका वाडीत त्याची मानलेली बहीण होती. अन्वरचे अब्बा लहानपणी एकदा तट्टावर बसून तिच्याकडं जाऊन आले. तिला ते अजून ‘वरची आत्या’ म्हणतात. तिचं नाव त्यांना आठवत नाही, वाडीचं आठवत नाही. एवढंच आठवतं की घराजवळ एक झरा होता, आजा तिथं बोजा उतरवायचा म्हणून त्याला ‘हबशाचं पाणी’ म्हणायचे.

आता अब्बा थकलेत. अंगणातल्या खाटेवरून समुद्र दिसतो, पण ते पाठ फिरवून डोंगराकडं तोंड करून बसतात. “वर आपलं कुणी आहे का, बघून ये,” एवढंच त्यांचं अन्वरजवळ मागणं. अन्वर टाळत होता. अनोळखी गावात आपण उभे राहिलो की काय होतं ते त्याला पाठ होतं. शेवटी मी छाती फुगवून म्हणालो, “चल, मी आहे ना!”

ह्या प्रवासातल्या बहुतेक अडचणी ह्या एका वाक्यातून निघाल्या.

अब्बांनी आत्याच्या घरासाठी पुण्याला येणाऱ्या त्यांच्या एका भाच्याबरोबर सुकटीच्या दोन मोठ्या पिशव्या पाठवल्या होत्या. रिकाम्या हातानं बहिणीच्या घरी जातात का! सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा बिचकून येतो. डिकीत पिशव्या ठेवताच गाडीला समुद्र लागला. मी अन्वरला पटवलं की एक पिशवी पुष्कळ झाली, दुसरी त्याच्याच इमारतीच्या वॉचमनला देऊन टाकू. तो नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. उरलेल्या पिशवीवर प्लॅस्टिकचे पदर गुंडाळले आणि वरून बायकोचं मोगऱ्याचं अत्तर शिंपडलं. मोगरा आणि सुकट हा संयोग ज्यांनी अनुभवला नाही त्यांनी अनुभवू नये.

पासली

वाडी कुठं विचारलं की अब्बा ‘घाटाच्या डोक्यावर’ एवढंच सांगायचे. ‘घाटाच्या डोक्यावर’ म्हणजे वेल्ह्याची बाजू, असं नकाशावर बोट आपटून मी सांगितलं होतं. म्हणून आधी पासली. भात कापून झालं होतं. रिकाम्या खाचरांत पिवळी खुंटं, बांधाबांधावर पेंढ्याच्या गंज्या, आणि ऊन असं कोवळं की पुण्यात परत नेऊन वाळत घालावंसं वाटलं. एका खळ्यावर टोपी घातलेले एक आजोबा भात वारवत होते. त्यांनी अन्वरकडं एकदा नीट पाहिलं आणि मला विचारलं,

“पावनं कुठल्या देशाचं?”

“देशावरचा नाही हो, कोकणातला,” अन्वर म्हणाला. आजोबा माझ्याकडंच बघत राहिले. जणू रेडिओ लागला होता आणि तो बंद होण्याची वाट बघत होते.

झालं, मी सुरू झालो. हे आपलेच आहेत, भारतीयच आहेत, ह्यांचे पूर्वज, इतिहास, समुद्र, किल्ला. आजोबांच्या सुपातलं भात संपलं तरी माझं संपेना. मग मुद्द्यावर आलो आणि अडलो. झऱ्याचं नाव कसं उच्चारू? ‘हबशी’ हा शब्द आपल्याकडं काळ्या माणसाला हिणवायलाच वापरतात. अन्वर शेजारी उभा असताना तो माझ्या तोंडातून निघेना. म्हणून मी विचारलं, “इथं जवळपास आफ्रिकी वंशाच्या एका गृहस्थांच्या नावानं ओळखला जाणारा पाणवठा आहे का?”

“वंशाचं मला काय इचारू नका,” आजोबा म्हणाले, “आमच्या वंशाच्या दिव्यानं सकाळधरनं खळ्याकडं तोंड दावलं न्हाई.”

अन्वरनं मला बाजूला सारलं. “मामा, हबशाचं पाणी कुठं आहे?”

“हापशाचं व्हय? मंग आसं मराटीत बोला की! त्यो काय, देवळाम्होरं.”

सूप ठेवून ते स्वतः आले आणि दांडा हाणून त्यांनी आम्हांला ओंजळीनं पाणी पाजलं. पाणी थंडगार होतं. हा पहिला हापसा. फोटो काढला.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. तांदळाची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा खर्डा. अन्वरला खुर्ची दिली, मला सतरंजी. आजोबांच्या घरच्या काकींनी वाढता वाढता मला विचारलं, “ह्यांला तिखट चालतंय का?”

“चालतं काकी, वाढा,” अन्वर म्हणाला.

“आगं बया! ह्यांला मराटी येतंय!” काकींच्या हातातलं ताट हललं. अन्वरनं खर्डा दोनदा मागून घेतला. उचकी मला लागली.

माणसं मायेची होती, ह्यात काडीचा खोटेपणा नाही. अन्वरनं तट्टाचं आणि मिठाचं सांगितल्यावर आजोबांनी पत्ताही दिला: तट्टावरून मीठ यायचं ते इकडून नाही, वरंध्याच्या वाटेनं, हिर्डोशीकडनं. निघताना त्यांनी मला विचारलं, गाव कंचं, आडनाव काय, भोरात कुणाचं कोण. खेड्यात हे सगळ्यांनाच विचारतात. चार प्रश्नांत तुम्ही कुणाच्या तरी मावसदिराचे साडू निघता आणि तुमच्यापुढं चहा येतो. अन्वरला त्यांनी रामराम केला आणि इंग्रजीत “थँक्यू” म्हटलं.

भोर

संध्याकाळी भोरला मुक्काम. लॉजचा मॅनेजर सभ्य, चष्मेवाला. अन्वरला बघून त्यानं वही मिटली.

“फॉरेनर असतील तर पासपोर्ट लागेल, साहेब. आणि चौकीला कळवावं लागतं.”

मी ह्या क्षणाची पासलीपासून वाट पाहत होतो. “फॉरेनर?” मी काउंटरवर हात आपटला. “हा माणूस तुमच्याआमच्याइतकाच इथला आहे! ह्याच्या वाडवडिलांनी...” माझा आवाज असा लागला की चहावाला थांबला, जिन्यावरची दोन माणसं खाली आली. अन्वरनं ह्या सगळ्यात शांतपणे पाकिटातून आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. मॅनेजरनं ते उलटसुलट पाहिलं, पुन्हा चेहरा पाहिला, पुन्हा कार्ड पाहिलं. शेवटी म्हणाला, “ठीक आहे. आणि आपलं?”

मी खिसे तपासले. पाकीट तपासलं. बॅग उपसली. माझं आधार कार्ड घरी, दुसऱ्या पँटीत, आरामात होतं.

“साहेब, ओळखपत्राशिवाय रूम देता येत नाही.”

“अहो, मी इथला आहे! आंबवडं माझं आजोळ!”

“सगळेच म्हणतात हो,” मॅनेजर म्हणाला.

अन्वर माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याला म्हणाला, “राहू द्या. हे माझ्याबरोबर आहेत. जबाबदारी माझी.” आणि मला रूम मिळाली. वर गेल्यावर तो पलंगावर पडून इतका हसला की खालून मॅनेजरनं सगळं ठीक आहे ना, विचारलं.

सुकटीची पिशवी गाडीतच राहिली. तिचं ओळखपत्र कुणी मागितलं नाही. ती सगळ्यांना आपणच ओळख देत होती.

आंबवडे

दुसऱ्या दिवशी सकाळी हिर्डोशीला जायचं सोडून मी गाडी आंबवड्याकडं वळवली. वाट उलटी होती. पण भोरपर्यंत येऊन आजोळचं पाणी न पिता जायचं? आईचं माहेर. लहानपणी मे महिनाभर आम्ही झुलत्या पुलावर उड्या मारून मोठ्यांच्या शिव्या खायचो. अंगणात जांभळाचं झाड होतं, त्याच्या सावलीत आजोबा आम्हांला ‘की’ ऱ्हस्व का दीर्घ असं विचारायचे. माझ्या धंद्याचं मूळ तिथलं. आता घर नाही, झाड नाही, तिथं कुणाचं तरी पत्र्याचं गोदाम आहे. मी त्याच्यापुढं उभा राहून जांभूळ कुठं होतं त्याचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात शेजारच्या दुकानातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले.

“कुणाचे तुम्ही?”

मी आजोबांचं नाव सांगितलं.

“म्हणजे कमळीचा तू? धाकटा? विहिरीत चप्पल पाडणारा?”

तोच मी. त्यांनी कमळीचं, म्हणजे माझ्या आईचं, शाळेतलं एक नाटक सांगितलं. कधी गेली विचारलं. मग गिऱ्हाईक आलं म्हणून आत गेले.

परत पुलावर आलो तर अन्वरला तरुण मुलांनी घेरलं होतं. पूल बघायला आलेली मुलं पुलाला पाठ करून अन्वरबरोबर सेल्फी काढत होती. “ब्रो, विच कंट्री? क्रिकेट? वेस्ट इंडीज?” तो प्रत्येकाबरोबर दात दाखवत होता. मी धावलो. “अरे बाबांनो, हे आपले मुरूडचे, शिद्दी म्हणजे...”

“शास्त्री,” तो म्हणाला, “बस कर.”

मुलं गेली. खाली पाणी कमी होतं, खडक उघडे पडले होते. तो कठड्याला टेकून उभा होता.

“तुला त्या दुकानदारानं काय विचारलं?”

“कुणाचे तुम्ही, म्हणून.”

“किती वेळ लागला?”

“लगेच.”

“मला नाही विचारत कुणी ते. देश विचारतात. पुण्यात गेलो तिथं विचारला, नोकरी लागली तिथं विचारला. गाव कुणी विचारत नाही. अब्बा सांगतात, वर गेलास की पहिल्यांदा गाव विचारतील. मी कालपासून उत्तर तोंडात धरून फिरतोय.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “आता तू माझी ओळख करून द्यायची नाही. एक शब्द नाही. तू हौसेनं सांगतोस, पण तुझं सांगून झालं की विचारायला काही उरतच नाही रे. आज कुणी विचारलं तर मी सांगेन. नाही विचारलं तर सुकट परत घेऊन जाऊ.”

मी कबूल केलं. गप्प बसायचं कबूल करणं हे माझ्या बाबतीत काय असतं ते आमच्या हिला विचारा.

हिर्डोशीच्या पुढं

भोरवरून घाटाकडं निघालं की धरणाचं पाणी बराच वेळ सोबत चालतं. निळं, गार, आणि त्याच्या पोटात कुणाकुणाची गावं आहेत ह्याचा पत्ता न लागू देणारं. डोंगर जवळ येत जातात. हिर्डोशीला एसटी कमी, चालणारी माणसं जास्त. डोक्यावर भारे घेतलेल्या बाया रस्त्याच्या कडेनं एका ओळीत जात होत्या.

मोटारसायकलवाल्या एका गड्याला अन्वरनं विचारलं, “हबशाचं पाणी?”

“शाळंच्या मागं,” तो म्हणाला. गेलो. हापसा. दुसरा फोटो.

पुढं एका बाईंना विचारलं. “हापशाचं? त्यो काय वडाखाली. पर लई घट हाय, जोर लावा.” जोर मी लावला. दांडा इतका वेळ अडून बसला होता, तो एकाएकी मोकळा झाला आणि मी त्याच्याबरोबर खाली गेलो. तिसरा फोटो तो.

ओल्या पँटीनं गाडीत बसलो. मागं सुकट, पुढं मी, मध्ये मोगरा. ऊन कलायला लागलं होतं. अन्वर खिडकीतून बाहेर बघत होता, म्हणाला, “अब्बांना सांगतो, धरणात गेलं.” गप्प बसायचं कबूल केलेलं असताना प्रथमच खरोखर गप्प होतो.

तेवढ्यात वळणावर पाटी दिसली. पिवळ्यावर काळी अक्षरं: ‘हातपंप वाडी’.

“चौथा नको,” मी म्हणालो.

“तट्टू ह्याच चढानं येत असणार,” अन्वर म्हणाला. “चल, बघून तरी येऊ.” त्यानं डिकीतून पिशवी काढून खांद्यावर टाकली. का, कोण जाणे.

पायवाटेनं वर गेलो. पाच-सहा घरं. पहिल्याच घराच्या अंगणात एक म्हातारी नाचणीची कणसं बडवत बसली होती. पाठीमागं तिची सून उभी होती. अन्वरला बघून सुनेनं पदर तोंडाला लावला.

“आजी, हापसा कुठं आहे इथं?” मी विचारलं. हे विचारायला मला बंदी नव्हती.

“हापसा? हितं न्हाई हापसा.”

“मोडला का?”

“मोडाया आसाया पायजे की! हितं कदी नव्हताच. झऱ्याचं पानी पितो आमी.”

“खाली पाटीवर तर हातपंप लिहिलंय.”

“पाटी रंगवनाऱ्यानं इचारलं, वाडीचं नाव काय? आमी म्हनलं, हापशाचं पानी. तर म्हनला, आसं नसतंय लिवायचं, शुद्ध लिवतो.”

मला त्या रंगाऱ्याबद्दल धंद्यातली माया वाटली. पण डोक्यात अजून उजेड पडला नव्हता. हापसाच नाही म्हटल्यावर मी अन्वरला निघायची खूण केली. अन्वरनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि माझ्या प्लॅस्टिकच्या पदरांनी त्या क्षणी दम सोडला. पिशवी फाटली. मूठभर सुकट अंगणात सांडली.

म्हातारीचा बडवणा थांबला. तिनं नाक वर केलं.

“सुकट हाय का रं ही?”

“हो, आजी.” अन्वर खाली बसून घाईघाईनं गोळा करायला लागला. “सांडली, माफ करा.”

तिनं हात पुढं करून चिमूटभर उचलली, तळव्यावर चोळली, हुंगली. “वरनं काय चोपडलंय फुलाचं कुनाच्या मयताला लावल्यावानी? पर सुकट खालची हाय. बाजारात मिळती ती ही न्हवं.” मग तिनं अन्वरकडं पाहिलं. आधी चेहऱ्याकडं नाही; पिशवीकडं, हातांकडं, मग चेहऱ्याकडं. “खालचं का तुमी? गाव कंचं?”

मी श्वास आत ओढला. अन्वर कालपासून उत्तर तोंडात धरून होता, पण त्याच्या तोंडून आवाज निघेना. माझ्या ओठांवर सगळा इतिहास येऊन उभा राहिला होता. मी तो गिळला. तो माझ्या आयुष्यातला एकमेव पराक्रम.

“मुरूडकडचं, आजी,” शेवटी तो म्हणाला. “खालचंच.”

सून पुढं वाकून कुजबुजली, “आत्याबाय, कुठल्या देशाचं हायती त्ये?”

“देशावरचं कशाला आसत्याल?” म्हातारी म्हणाली. “कोकनातलं हायती. ऐकलं न्हाईस?”

अन्वर मांडी घालून जमिनीवरच बसला. हसत होता का काय करत होता ते मला नीट दिसलं नाही, कारण माझाही चष्मा धुरकटला होता.

मग गूळ-पाणी आलं, सून चुलीकडं गेली आणि प्रश्न सुरू झाले. आडनाव काय, बाप हाय का, पोरं किती, हितं कुनाकडं आलायसा. अन्वरनं सगळं ओळीनं सांगितलं. आज्याचं, तट्टाचं, मिठाचं. म्हातारी थोडी पुढं सरकली.

“माझी सासू सांगायची,” ती म्हणाली. “तिला पाटचा भाऊ नव्हता. खालचा एक मानला हुता. भाऊबीज झाली की यायचा, मीठ-सुकट घिऊन. म्या न्हाई बगितला. मी नवरी हुन आले तवा घाटातनं टेम्पो सुरू झालं हुतं, त्यो यायचा बंद झालेला. सासू मातूर दिवाळी झाली की दारात बसायची. हापशीदादा आला न्हाई, हापशीदादा आला न्हाई.”

“हापशीदादा?” मी विचारलं. इथं मात्र माझा संयम संपला.

“व्हय. कुठंतरी हापसा हानायचा आसंल, म्हून पडलं आसंल नाव.”

पाटी माझ्या डोळ्यांपुढं आली. हबशाचं, हापशाचं, हातपंप. तोंडातून तोंडात जाताना एक अक्षर घसरलं, आणि रंगाऱ्यानं ती चूक शुद्ध करून पक्की केली. जिथं कधी हापसा नव्हता तिथं हापसा आला, आणि जो माणूस होता तो गेला. मी अन्वरकडं पाहिलं. आता तो सांगेल, असं मला वाटलं.

“हो, आजी,” तो म्हणाला. “हापसाच हाणत असतील.”

तिनं आम्हांला झऱ्यावर नेलं. घरामागं उतारावर, उंबराखाली, दगडात हातभर खळगी, आणि तिच्यातून न थांबता येणारं पाणी. शेजारी बोजा टेकता येईल असा सपाट खडक. म्हातारीनं कनवटीतून मिठाचा खडा काढून त्या खडकावर ठेवला.

“हे कशाला?” अन्वरनं विचारलं.

“रीत हाय. नवी नवरी पयल्यांदा पान्याला आली, न्हाईतर पावना पयल्यांदा आला, की मीठ ठिवायचं. का ते कुनाला ठावं? पानी आळनी लागू नये म्हून आसंल. सासूनं दावलं, म्या ठिवते, आता ही ठिवती.”

अन्वर त्या खडकावर तळवा ठेवून बराच वेळ उभा होता. मग वाकून ओंजळीनं प्यायला. मीही प्यायलो. दिवसभर एवढे हापसे पिऊनही हे पाणी वेगळं लागलं, का ते मला सांगता येत नाही. सांगायला गेलो तर खोटं होईल.

जेवायला नाचणीची भाकरी आणि तव्यावर परतलेली सुकट. मोगऱ्याचा वास काढायला सुनेनं ती तीनदा धुतली आणि प्रत्येक धुण्याला माझ्याकडं पाहिलं. मी काय खाल्लं आणि कितीदा मागून घेतलं ते इथं लिहीत नाही; आमची ही हे वाचणार आहे. निघताना म्हातारीनं अन्वरच्या फाटक्या पिशवीला गाठ मारून ती नाचणीनं भरून दिली. “बापाला म्हनावं, आत्याची सून इचारत हुती. फुडच्या वक्ताला त्यांला बी आना. आन ह्यांला,” ती माझ्याकडं वळून म्हणाली, “ह्यांला अत्तर लावू दिऊ नगा.”

खाली रस्त्यावर आलो. पाटीपाशी मी थांबलो. खिशात सवयीनं लाल पेन असतोच. ‘हातपंप’वर काट, वर ‘हबशाचं’. साधं काम होतं, आयुष्यभर तेच केलं. पेनाचं टोपण काढलं.

“राहू दे, शास्त्री,” अन्वर मागून म्हणाला.

“अरे, चूक आहे ती! तुझ्या आज्याचं नाव आहे हे!”

“शुद्ध केलंस तर शिवी होईल,” तो म्हणाला. “चुकलंय म्हणून तर सगळे म्हणतात.”

मी उभाच राहिलो. समोर गाडीएवढ्या अक्षरांत धडधडीत चूक, हातात लाल पेन, आणि मी टोपण परत लावलं. आजही डोळे मिटले की ती पाटी दिसते आणि हात शिवशिवतो.

परत आल्यापासून घरचं पाणी बेचव लागतं. परवा कुणाचं लक्ष नसताना माठात मिठाचा खडा टाकला. हिनं सगळा माठ मोरीत ओतला आणि मला डॉक्टरकडं जाऊन यायला सांगितलं.

अन्वर नाचणी आणि झऱ्याचं बाटलीभर पाणी घेऊन लगेच मुरूडला गेला. तिथून त्याचा फोन आला. अब्बा खाटेवर डोंगराकडं तोंड करूनच बसले होते. ते पाणी प्यायले, ओल्या हातानं त्यांनी तोंड पुसलं. आत्या गेली हेही त्यानं सांगितलं. ते त्यांनी धरलेलंच असावं. मग त्यांनी एवढंच विचारलं, “गाव विचारलं का तुला कुणी?”

“विचारलं, अब्बा. पण अगदी शेवटच्या घरी. आधी कुणीच नाही.”

“मग सुकट कमी नेलीस,” ते म्हणाले. “दोन्ही पिशव्या न्यायच्या होत्या.”